न आलेल्यांच्या ओळी

अंजिराची पानं गळून झाडं उघडी पडली, की वस्तीत मोजणीचा दिवस यायचा. त्या सकाळी प्रत्येक घराने आपापल्या छाटणीच्या कात्र्या दाराबाहेर पायरीवर मांडायच्या. घरातले जितके जण छाटणीला येणार, तितक्या कात्र्या. वहिनीने दोन्ही गल्ल्या फिरून त्या मोजायच्या आणि आकडा बागवाल्यांच्या संघात जाऊन सांगायचा. त्या आकड्यावर संघ ओळी वाटायचा. एका कात्रीला उतारावरच्या झाडांची एक ओळ, वरच्या बांधापासून खालच्या पाटापर्यंत. सगळा तोंडी कारभार होता, पण वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता.

वहिनी म्हणजे साऱ्या वस्तीचीच वहिनी. तिचा नवरा मोजणी करायचा, तो सगळ्यांचा दादा होता, म्हणून ही वहिनी. दादा गेला तेव्हा मोजणी आता कोणी करायची यावर लोकांनी बरीच डोकी खाजवली. त्यांची चर्चा चालू असतानाच ही उठली आणि मोजून आली. तेव्हापासून ते काम तिच्याकडेच राहिलं.

यंदा तिने आपल्या पायरीवर तीन कात्र्या मांडल्या. एक तिची. एक दिराची. दिराला सगळे रेडिओ म्हणायचे आणि त्याला त्याचा अभिमान होता. तिसरी कात्री मुलाची. मुलगा उंच, हाताचे पंजे सुपाएवढे. बाजारच्या कात्रीची मूठ त्याच्या हातात हरवून जायची, म्हणून बापाने त्याच्यासाठी शिसवीची जाडजूड मूठ कोरून बसवली होती. तो शहरात गेला, बंदरावरच्या गोदामात कामाला लागला, आणि कात्री घरी राहिली. वहिनी तिला तेल देत राहिली. तिची स्वतःची कात्री कुरकुरायची, पण मुलाची लोण्यासारखी चालायची.

सून दारात उभी राहून बघत होती. लग्न होऊन वर्ष भरायच्या आतच नवरा शहरात गेला होता. खोली मिळाली की नेतो, असं सांगून गेला होता. तिची कपड्यांची पेटी तेव्हापासून भरलेलीच होती. रोजचं लुगडं-पोलकं वरच्या थरातून काढायची, धुऊन पुन्हा वरच्या थरात ठेवायची.

"आई, ही पण ठेवायची?" सुनेने विचारलं.

"का? ठेवू नको?"

"येतो म्हणालेत का ते?"

"येणार नाही असं म्हणालाय का?"

सून आत गेली आणि चुलीपुढे उगीचच भांडी इकडची तिकडे करू लागली.

तेवढ्यात संघाची बाई आली. केस बारीक कापलेले, पायात जाड बूट, आवाज मात्र मऊ. संघाने तिला खास कामाला पाठवलं होतं. येत्या दहा वर्षांत बागेला किती हात लागतील, छाटणी जमणारे त्यातले किती उरतील, याचा अंदाज तिला बांधायचा होता.

"दहा वर्षांचा?" रेडिओ पायरीवरून म्हणाला. "बाई, आम्हाला संध्याकाळची भाजी काय आहे ते ठाऊक नसतं."

"भाजीचं तुम्हाला कोणी विचारत नाही, भाऊजी," वहिनी म्हणाली. "चला बाई. ऊन वर आलं की लोक कात्र्या आत घेतात."

दोघी निघाल्या. पहिलं घर शेजारणीचं. पायरी झाडून लख्ख, वर चार कात्र्या. शेजारीण कमरेवर हात ठेवून उभी. संघाच्या बाईने वाकून एकेक कात्री पाहिली.

"ही कोणाची?"

"थोरल्याची."

"ते कुठे असतात?"

"जहाजावर."

"छाटणीला येतात?"

"मनात आणलं तर उद्या येईल," शेजारीण म्हणाली, आणि तिने पदराने त्या कात्रीवरची नसलेली धूळ पुसली.

पुढे सुताराचं घर. तिथे कात्र्यांत एक लहान होती, मुलीची. मुलगी परमुलखात नर्स झाली होती. सुतार गल्लीत चार पावलं पुढे आला आणि हळूच म्हणाला, "बाई, ती आम्हालाही ठाऊक आहे. पण नाही ठेवली तर ही त्या दिवशी जेवत नाही." मागे दारात त्याची बायको उभी होती आणि तिच्यापाशी धाकटी मुलगी. बायकोलाही सगळं ऐकू गेलं असणार, पण तिने तोंड दुसरीकडे फिरवलं.

गल्लीच्या टोकाला दोन म्हातारी माणसं राहायची, नवरा-बायको. त्यांच्या पायरीवर कात्र्याच कात्र्या. पोरं, सुना, एक जावईसुद्धा. आजोबांनी त्या अशा मांडल्या होत्या, की घरात लग्न आहे असं वाटावं. घरात मात्र दोघंच होती. आणि त्याच्यापलीकडे कुलूपबंद घर. कुटुंबच्या कुटुंब निघून गेलेलं. तरी पायरीवर दोन कात्र्या. शेजाऱ्याने त्यांच्या वतीने मांडल्या होत्या. जाताना सांगून गेले होते म्हणे, आमचं नाव चालू ठेवा.

दोन्ही गल्ल्या संपल्यावर संघाची बाई पाटाच्या कठड्यावर बसली, बुटातला खडा काढला आणि मग म्हणाली, "वहिनी, आकडा काय?"

वहिनीने आकडा सांगितला. सगळ्या कात्र्या धरून. जहाजावरची, परमुलखातली, कुलूपबंद घराची, सगळी.

"आणि खरा?"

"हाच खरा. पायरीवर आहे ते मोजायचं. माझा नवरा तेच करायचा."

"त्यांच्या वेळी पायरीवर होते ते सगळे बागेत यायचे ना?"

वहिनीला राग आला. राग यायचं कारण उघड होतं. आकडा फुगलेला आहे हे तिला गेली कित्येक वर्षं ठाऊक होतं. दर वर्षी उरलेली माणसं उन्हं उतरल्यावरही राबून न आलेल्यांच्या ओळी निभावून न्यायची. गेल्या वर्षी तेही जमलं नाही. वरच्या बाजूची झाडं छाटायची राहिली, रानटी वाढली, आणि फळं धरली ती बोराएवढी.

"मी भांडायला आले नाही," बाई म्हणाली. "संघ काय म्हणतोय तेवढं सांगते. या वर्षीही फांद्यांवरचे डोळे फुगून पालवी फुटायच्या आत वरची बाजू छाटून झाली नाही, तर ती जुनी झाडं काढायची. तिथे तारेवर बांधलेल्या बुटक्या ओळी लावायच्या. त्या यंत्राने छाटता येतात."

"झाडं काढायची?"

"दहा वर्षांनी छाटायला कोणी असेल, असं मी सांगू शकले तर नाही काढणार. म्हणून तुम्हाला विचारते. दहा वर्षांनी कोण असेल?"

"दहा वर्षांनी?" वहिनी ताडकन म्हणाली. "दहा वर्षांनी सगळे परत आलेले असतील."

बाईने मान हलवली. हो म्हणाली की नाही म्हणाली ते कळलं नाही. बूट घालता घालता ती म्हणाली, "मी आज अजून एक मोजलं. घरात आहेत पण ज्यांची कात्री पायरीवर नाही, अशी माणसं. तुमची सून. सुताराची धाकटी. शेजारणीच्या दोन्ही मुली. बरीच आहेत."

"त्या छाटणीच्या नाहीत."

"का?"

"नाहीत म्हणजे नाहीत," वहिनी म्हणाली आणि चालू लागली. खरं उत्तर तिला माहीत होतं, फक्त ते कधी कोणी बोलून दाखवलं नव्हतं. ज्याची कात्री त्यानेच धरायची, असा वस्तीचा रिवाज. आणि घरात नवी कात्री आणायची म्हणजे जुनीचा माणूस येत नाही, हे कबूल करायचं. ते कोणत्या आईच्या हातून होणार?

छाटणी सुरू झाली. सकाळी गारठा इतका, की कात्री धरली की लोखंड हाताला डसायचं. लोक तळव्यांना तेल चोळून यायचे, कारण अंजिराचा चीक भयंकर. कातडीला लागला की आधी खाज, मग फोड. गारठ्यात चीक कमी वाहतो, म्हणून तर या दिवसांत छाटायचं. फांदी धरायची, बाहेरच्या अंगाचा डोळा बघायचा, त्याच्यावर बोटभर जागा सोडून तिरका काप घ्यायचा. आतल्या डोळ्यावर कापलं तर झाड स्वतःच्याच पोटात वाढत जातं आणि मधे अंधार करून बसतं. जाड फांदीला करवत. मोठ्या जखमेला चुन्या-मोरचुदाचा लेप. सांगायला सोपं आहे. वहिनीला ते हाताशी यायला दोन हंगाम लागले होते, आणि तिसऱ्या हंगामापर्यंत सासरे तिच्या झाडांकडे बघून नुसता सुस्कारा टाकायचे.

मधली ओळ तिची, उजवीकडची रेडिओची, डावीकडची मुलाची. रेडिओचा एक गुडघा गेलेला. शिडीवर तो एक पाय ठेवायचा आणि दुसऱ्या पायाबद्दल बोलायचा. वहिनीचा खांदा दुपारनंतर वर जायचाच नाही. मग ती डाव्या हाताने उजवा कोपर उचलून धरायची आणि तशीच कापायची.

थोड्याच दिवसांत उतारावर एक विचित्र चित्र दिसू लागलं. आलेल्यांच्या ओळी छाटून मोकळ्या झाल्या, पलीकडचं आभाळ दिसू लागलं. मधेमधे न आलेल्यांच्या ओळी मात्र केस पिंजारून तशाच उभ्या. कोणाचं पोर आलं नाही, ते आता पाटावरून जाणाऱ्या कुणालाही मोजता आलं असतं. शेजारणीच्या दोन ओळी. सुताराची एक. म्हाताऱ्यांचं तर अख्खं रानच. पायरीवर झाकून गेलेलं इथे उघडं पडलं होतं. लोक जेवायच्या सुट्टीत त्या ओळींकडे पाठ करून बसू लागले.

वहिनीने मुलाला फोन लावला. ती दर वर्षी लावायची आणि दर वर्षी तेच बोलायची.

"माणूस कमी पडतंय रे. ये."

"आई, इथेही माणसं कमी पडतायत," मुलगा म्हणाला. मागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं. "निम्मे लोक सोडून गेले, मला दोघांचं काम आहे. साहेब सुट्टीचं नावच काढू देत नाही. काकाला सांग ना माझी ओळ घ्यायला."

"काकाचा गुडघा बोलतो फक्त, चालत नाही."

तो हसला. त्याचं हसू तिला फार आवडायचं, पण फोनवर ते लवकर संपायचं. "बघतो," तो म्हणाला. "या महिन्यात बघतो." जेवलास का, खोली मिळाली का, हे तिला विचारायचं होतं. पण कोणी तरी त्याला हाक मारली आणि फोन बंद झाला.

त्यानंतर हवा फिरली. गारठा आठवडाभर आधीच ओसरला. दुपारी अंगातलं स्वेटर काढावं लागू लागलं. छाटलेल्या कापातून पांढरा चीक थेंबाथेंबाने गळू लागला. वहिनीने मुलाच्या ओळीतल्या पहिल्या झाडाची फांदी वाकवून बघितली. डोळा अजून मिटलेला होता, पण नखाने दाबला तर खाली मऊ लागत होतं. डोळे फुगायला आता फार दिवस नव्हते.

सून त्या दिवशी जेवण घेऊन आली. सासूला फांदीपाशी उभी बघून तिने डबा खाली ठेवला.

"आई, मला द्या कात्री."

"कुठली?"

"त्यांची. मी करते ही ओळ. तुम्ही सांगा कसं कापायचं."

"ती त्याची आहे."

"ते नाहीत इथे."

"येणार आहे तो!" वहिनी इतक्या जोरात म्हणाली की रेडिओसुद्धा गप्प झाला. "तुला एवढी काय घाई झालीये त्याला मोजणीतून काढायची? बायको ना तू त्याची?"

सुनेचं तोंड पांढरं पडलं. आजूबाजूच्या ओळींतले हात थांबले होते, सगळे ऐकत होते. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही वाट बघता ना, तशीच मीही बघते. पण तुमच्या हाताला काम तरी आहे. मी दिवसभर घरात बसून काय करू? पेटी उघडायची आणि पुन्हा लावायची?" आणि डबा तिथेच ठेवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बागेत पोचली, तर मुलाच्या ओळीत सून आधीच आलेली. तिने माहेरून आणलेली शिवणाची कात्री घेतली होती. कापड कापायची कात्री ती. लाकडावर चालवून तिची धार पार गेली होती. पहिलं झाड तिने छाटलं होतं, म्हणजे चावल्यासारखं कुरतडलं होतं. निम्मे काप आतल्या डोळ्यावर. तळव्यांना तेल लावायचं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. बोटांच्या मधे लाल चट्टे उठले होते, मनगटावर फोड.

शेजारीण पलीकडच्या ओळीतून बघत होती. ती मोठ्याने म्हणाली, "झाडाला पोलकं शिवतेयस का गं?" दोघीचौघी हसल्या. सून हसली नाही, रडलीही नाही. तिने दुसरी फांदी धरली.

वहिनीने ते झाड बघितलं. तिची स्वतःची पहिली झाडं याहून वाईट होती, हे तिला चांगलं आठवत होतं. हसणाऱ्यांकडे तिने एकदा नजर टाकली आणि हसणं थांबलं. सुनेचा हात धरून तिने पाटावर नेला, चीक धुतला, आपल्या डबीतलं तेल त्या चट्ट्यांवर चोळलं. सून कळ सोसत उभी राहिली.

"चुरचुरतंय?"

"हो."

"सांगायचं ना मला."

"काय सांगायचं? तुम्ही बोलत नव्हता."

वहिनी तडक घरी गेली. मुलाची कात्री पायरीमागच्या कोनाड्यात होती. ती घेऊन पायरीवर बसली आणि सुनेच्या हाताचं माप आठवून मूठ हातात फिरवली. एवढी जाड मूठ त्या हातात मावणार नव्हती. चिंधी गुंडाळून ती आणखी जाड झाली असती. बारीक करायला एकच उपाय होता.

तिने सुरी घेतली. शिसवीचं लाकूड चिवट. नवऱ्याने ते कोरताना मुलाला शेजारी बसवलं होतं, दर थोड्या वेळाने हात मुठीवर ठेवायला लावला होता, आणि मुलगा कंटाळून झोपला होता. वहिनीने पहिला काप काढला आणि तिचे डोळे भरून आले. आता ही मूठ त्याच्या हाताला कधीच बसणार नाही. लाकूड पुन्हा चिकटवता येत नाही. तो आला, खरंच आला, तर त्याला देऊ काय? ती रडत रडत तासत राहिली. समोरच्या घरातून कोणी बघत असेल तर बघू दे, असं तिला वाटलं. मूठ बारीक झाल्यावर तिने ती दगडावर घासली, कुठे टोचत नाही ना ते गालावर फिरवून बघितलं.

बागेत आल्यावर तिने कात्री सुनेच्या हातात दिली. सुनेने मूठ बघितली. तासलेल्या जागी लाकूड फिकट होतं. ती काही तरी म्हणणार होती, पण वहिनीने म्हणू दिलं नाही.

"बाहेरचा डोळा कुठला?"

"हा?"

"तो आतला. झाडाच्या बाहेर उभी राहा, मग बघ. जिकडे तू आहेस तिकडे बघतो तो बाहेरचा. हं. आता तिरकं. दाबून नको, मनगट सैल."

पहिला नीट काप पडला. रेडिओने पलीकडून वाहवा केली, आणि मग आपल्या आयुष्यातल्या पहिल्या कापाची गोष्ट सुरू केली. ती संपेपर्यंत सुनेचं एक झाड झालं होतं.

ही गोष्ट वस्तीत त्याच दिवशी पसरली. वहिनीने मूठ तासली. मोजणी करणाऱ्या वहिनीने. पहिल्यांदा कोणी काही केलं नाही. मग एका सकाळी सुताराची बायको धाकटीला घेऊन आली. तिच्या हातात नर्स झालेल्या मुलीची लहान कात्री होती. धाकटीला ती अगदी बरोबर बसली, तासावीही लागली नाही. सुताराची बायको तोंडाला पदर लावून दुसऱ्या झाडाकडे वळली. शेजारणीने दोन दिवस नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही मुली ओळीत होत्या आणि हीच त्यांच्यावर ओरडत होती, "आतला डोळा! आंधळ्या आहात का?" म्हाताऱ्या आजोबांनी मात्र आपल्या पोरांच्या कात्र्या कुणाला दिल्या नाहीत. नका मागू, म्हणाले, आणि लोकांनी मागितल्या नाहीत.

काम नेटकं झालं असं काही नाही. नवख्या हातांनी बऱ्याच झाडांची वाट लावली. वहिनी एका ओळीतून दुसऱ्या ओळीत धावायची, ओरडायची, एखादा काप दुरुस्त करायची, आणि तिची स्वतःची ओळ मागे पडायची. चीक आता धारेने गळत होता. सगळ्यांच्या मनगटांना फडकी बांधलेली. सून घरी आली की तिला भाकरीचा तुकडाही मोडता यायचा नाही. वहिनी तो मोडून तिच्या ताटात ठेवायची. दोघी फार बोलायच्या नाहीत. पण एक दिवस सुनेने पेटीतले सगळे कपडे काढून दांडीवर टाकले, आणि वहिनीने त्याबद्दल काही विचारलं नाही.

डोळे फुगायला लागले तेव्हा संघाची बाई पुन्हा आली. वहिनीने तिला उतारावर नेलं. म्हाताऱ्यांच्या ओळी तशाच पिंजारलेल्या उभ्या होत्या, कुलूपबंद घराच्याही. बाकी उतार वरच्या बांधापर्यंत मोकळा दिसत होता.

"आकडा सांगू?" वहिनी म्हणाली.

"सांगा."

तिने सांगितला. पहिल्या आकड्यापेक्षा तो लहान होता. जहाजावरचा त्यात नव्हता. नर्स नव्हती. तिचा मुलगा नव्हता. सून होती, धाकटी होती, शेजारणीच्या मुली होत्या.

"आणि दहा वर्षांनी?" बाईने विचारलं. तिचा प्रश्न खवचट नव्हता.

"ते मला नाही सांगता येत. ह्या पोरींना शिकवायला मी आणखी काही वर्षं आहे. मग त्या कोणाला तरी शिकवतील. किंवा त्याही जातील." वहिनी थांबली. "गेल्या तर त्यांना मोजू नका."

बाई म्हणाली, वरची झाडं यंदा राहतील असं मी संघाला सांगेन. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. वहिनीलाही त्याहून जास्त काही ऐकायचं नव्हतं.

रविवारी दुपारी मुलाचा फोन आला. सगळे झाडाखाली जेवायला बसले होते. वहिनी उठून थोडी बाजूला गेली.

"आई, साहेबाशी बोललो," मुलगा म्हणाला. आवाजात घाई होती. "महिनाअखेर दोन दिवस सोडतो म्हणाला. माझी ओळ तशीच ठेव, मी येऊन करतो."

"तुझी ओळ झाली."

"झाली? कोणी केली?"

"तुझ्या बायकोने."

"तिने?" तो हसला. "कात्री कुठली वापरली?"

"तुझीच. मूठ तासून बारीक केली मी."

पलीकडचं हसू थांबलं. "बाबांनी कोरलेली?"

"हो."

"म्हणजे आता माझ्या हातात नाही बसणार."

"नाही बसणार."

"बरं केलंस," तो म्हणाला. मग पुन्हा हसायचा प्रयत्न केला. "म्हणजे आता तिकडे माझं काही कामच नाही म्हण."

वहिनीने वर बघितलं. म्हाताऱ्यांच्या ओळी अजून छाटायच्या होत्या. माणूस कमी पडतंय, असं म्हणायला जागा होती, आणि ते खोटंही नव्हतं. शब्द तिच्या ओठांवर आलेसुद्धा. इतकी वर्षं ती तेच एक म्हणत आली होती. आणि तो तरी दुसरं काय सांगणार, काम आहे म्हणून बोलावलं की तो काम आहे म्हणून नाही म्हणायचा. त्यात दोघांपैकी कोणाची चूक होती ते तिला कळेना, पण तो समोर नव्हता आणि तिला तो समोर हवा होता, एवढं मात्र कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "काम काही नाही. तू ये."

"कशाला मग?"

"मला तुला बघायचंय. खूप आठवण येते तुझी."

मग मुलाचा आवाज आला, लहानपणी अंधारात यायचा तसा.

"आई, काय झालंय तुला? तू असं कधी बोलत नाहीस. बरं वाटत नाहीये का? डॉक्टरकडे गेली होतीस? काकाला फोन दे. आई? खरं सांग, काय झालंय? मी आज निघू का?"

मला काही झालेलं नाही, मी चांगली ठणठणीत आहे, हे तिला लगेच सांगायला हवं होतं. पण तो इतकं घाबरून, इतकं जीव तोडून विचारत होता, आणि ते ऐकायला तिला इतकं बरं वाटत होतं, की फोन कानाशी घट्ट धरून ती थोडा वेळ गप्पच राहिली.